दोन लाइनी असूनही पैसे भरताना पान का तुटतं?

बेळगावात शहापूरच्या बाजूला एक सेवा केंद्र आहे. नऊ संगणक, दोन प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि इंटरनेटच्या दोन लाइनी, एक १०० एमबीपीएसची आणि दुसरी ५० ची. इथे कर्नाटकच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या पोर्टलवरचा उतारा निघतो, 'सेवा सिंधू' या सरकारी सेवांच्या पोर्टलचे अर्ज भरले जातात. जमीन पलीकडे महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात पण बाजारहाट बेळगावात, अशी माणसं सातबाराही इथूनच काढून नेतात. केंद्र चालवणाऱ्या अक्कांचा जूनमध्ये फोन आला. "बघा की जरा. नेट बंद पडत नाही, पण पैसे भरायला गेलं की पान तुटतंय. राउटर बंद करून चालू केला की त्या एका अर्जापुरतं चालतं, परत तेच."

नेट बंद पडत नाही, पण पान तुटतं. निपाणी, संकेश्वर, खानापूर, जिथे जिथे दोन लाइनी एकत्र बांधल्या आहेत तिथून मला हीच तक्रार ऐकू येते. लोक लाइनवाल्याला बोल लावतात, तो येऊन केबलची टोकं बदलून जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन करावा लागतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

मी गेलो त्या दिवशी चंदगडकडची एक मावशी मुलीला घेऊन कॉलेजचा फॉर्म भरायला आली होती. मुलगीच टाइप करत होती. ओटीपी आला, तिनं टाकला, गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी 'तुमचं सत्र संपलं आहे' असं आलं. तेवढ्यात मावशींच्या मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा मेसेज वाजला. "गेले काय गं पैसे?" त्यांनी मुलीला विचारलं. पावती नाही, अर्जाचा क्रमांक नाही. असे पैसे बहुधा काही दिवसांनी परत येतात, पण अर्जाची शेवटची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

अक्कांनी एक मोठं काम करून ठेवलं होतं. शाळेच्या दोनशे पानी वहीत प्रत्येक फसलेल्या अर्जाची नोंद होती: नाव, रक्कम आणि वेळ. मी वेळांचा रकाना वाचत गेलो. ११:०७, ११:३७, १२:१७, १:०७. शेवटचा आकडा प्रत्येक वेळी सात. दुसऱ्या दिवशीच्या पानावर तोच आकडा तीन झाला होता, कारण त्या दिवशी सकाळी वीज जाऊन राउटर नव्यानं सुरू झाला होता. लाइन खराब असती तर ती घड्याळ बघून खराब झाली नसती. दोष राउटरच्या आतच होता.

राउटरमध्ये नेमकं काय होत होतं

आधी ज्यानं बसवून दिलं होतं, त्यानं दोन्ही गेटवे (लाइनींकडे जायची दारं) एकाच डिफॉल्ट रूटमध्ये (बाहेर जायच्या नेहमीच्या वाटेत) समान वजनानं टाकले होते. याला ईसीएमपी म्हणतात, म्हणजे समान किमतीच्या एकापेक्षा जास्त वाटा. राउटर एखाद्या संगणकाचं एखाद्या पत्त्याकडे जाणारं पहिलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, बघतो, दोनपैकी एक लाइन निवडतो आणि ती निवड लक्षात ठेवतो. पुढची पॅकेटं त्याच वाटेनं जातात. इथवर ठीक. पण जुन्या लिनक्स कर्नलवर (राउटरच्या आतल्या प्रणालीच्या गाभ्यावर) चालणाऱ्या राउटरांत ही आठवण ठरावीक वेळानं पुसली जायची, आणि ती मुदत सहसा दहा मिनिटांची असायची. पुसली की पुढच्या पॅकेटला लाइन नव्यानं निवडली जाणार. निम्म्या वेळा तीच लाइन येते आणि कुणाला काही कळत नाही. उरलेल्या निम्म्या वेळा दुसरी येते.

आता नॅटकडे बघा, म्हणजे दुकानातल्या सगळ्या संगणकांना बाहेर एकाच पत्त्यानं दाखवणाऱ्या सोयीकडे. नॅटची स्वतःची वेगळी वही असते आणि ती दहा मिनिटांनी पुसली जात नाही. चालू कनेक्शनवर तिनं पहिल्या लाइनीचा पत्ता चिकटवलेला असतो, तो तसाच राहतो. म्हणजे पॅकेट दुसऱ्या लाइनीतून बाहेर पडतं, पण त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता पहिल्या लाइनीचा. दुसऱ्या लाइनीचा पुरवठादार असा परका पत्ता बघून पॅकेट टाकून देतो, आणि त्यानं तसंच करावं अशी शिफारस २००० सालापासून आहे. खोटे पत्ते लावून होणारे हल्ले त्यामुळेच अडतात. इकडे ब्राउझर मात्र उत्तराची वाट बघत चक्र फिरवत बसतो.

ब्राउझरनं कंटाळून नवं कनेक्शन उघडलं, तर ते दुसऱ्या लाइनीच्या पत्त्यानं नीट पोचतं. पण आता बँकेला दिसतं की एका पत्त्यावरून आत आलेला माणूस मध्येच दुसऱ्या पत्त्यावरून बोलतो आहे. बँक सत्र तोडते. तिच्या बाजूनं ते अगदी बरोबर आहे.

खात्री करायची असेल तर दुसऱ्या लाइनीच्या पोर्टवर पॅकेट कॅप्चर (जाणाऱ्या पॅकेटांची नोंद) लावा आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पहिल्या लाइनीचा पत्ता दिसतो का ते बघा. मी अकरा वाजून सोळा मिनिटांनी कॅप्चर लावलं. सतरा झाले आणि तीन संगणकांची पॅकेटं परक्या पत्त्यासकट त्या पोर्टातून जाताना दिसली. एवढा पुरावा हातात आला की लाइनवाल्याशी भांडणाची गरज राहत नाही.

राउटर नवा घेतला म्हणून हा रोग जात नाही, त्याचं रूप बदलतं. लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत, म्हणजे २०१२ मध्ये, वाटांची ती आठवणच काढून टाकली गेली. त्यानंतर काही वर्षं समान वाटांवर पॅकेटागणिक लाइन बदलत असे. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ४.४ पासून दोन टोकांच्या पत्त्यांचा हॅश (हिशेबानं काढलेला एक आकडा) काढून लाइन ठरते आणि ती टिकते. २०१७ च्या ४.१२ मध्ये हॅशमध्ये पोर्टही, म्हणजे प्रत्येक कनेक्शनचा वेगळा क्रमांकही, धरण्याची सोय आली. ही पोर्टची सोय भार छान समान वाटते, म्हणून लोक हौसेनं लावतात. मग एकाच संगणकाची एकाच बँकेकडे गेलेली दोन कनेक्शनं दोन लाइनींवर पडतात, आणि आता दहा मिनिटंही थांबायला लागत नाही.

स्पीड टेस्टला इथे भुलू नका. ती एकदम बरीच कनेक्शनं उघडते, दोन्ही लाइनी भरतात आणि पडद्यावर १५० च्या आसपास आकडा येतो. प्रत्यक्षात एक फाइल उतरवताना ती एकाच लाइनीतून येते. दोन नळ शेजारी लावले तरी एका नळाखालची घागर दुप्पट वेगानं भरत नाही. दोन घागरी भरायच्या असतील तर मात्र फायदा होतो. सेवा केंद्रात नऊ घागरी असतात, म्हणून तिथे दोन लाइनी हव्यातच.

इलाज

वाटणी पॅकेटची करायची नाही, वाटांचीही नाही. ती संगणकाची करायची. दोन नंबरच्या टेबलावर बसलेल्या माणसाचं सगळं काम, पोर्टल, बँक, ओटीपीचं पान, एकाच लाइनीतून गेलं पाहिजे. मिक्रोटिक कंपनीच्या राउटरवर यासाठी पर कनेक्शन क्लासिफायर आहे, लोक त्याला पीसीसी म्हणतात. दुसऱ्या राउटरांत त्याला सोर्सवर आधारित किंवा चिकट वाटणी म्हणतात. १०० आणि ५० च्या लाइनी असल्यानं मी तीन भाग केले. संगणकाच्या पत्त्याच्या हॅशला तीननं भागून बाकी शून्य किंवा एक आली तर पहिली लाइन, दोन आली तर दुसरी. बरेच जण पाठवणारा आणि घेणारा असे दोन्ही पत्ते हॅशमध्ये धरतात. त्यानं भार जास्त सारखा वाटला जातो, पण पोर्टल एका लाइनीवर आणि पैसे भरायचं पान दुसरीवर पडू शकतं. जिथे दिवसभर पैसे भरले जातात तिथे मी फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता धरतो आणि थोडी असमान वाटणी सोसतो.

नव्या कनेक्शनवर अशी खूण लावायची, त्या खुणेवरून पॅकेटांवर वाटेची खूण लावायची, आणि प्रत्येक लाइनीसाठी वेगळा रूटिंग टेबल (वाटांची यादी) ठेवायचा. त्या टेबलात पहिला गेटवे त्या लाइनीचा आणि जास्त अंतर देऊन, म्हणजे राखीव म्हणून, दुसरा गेटवे दुसऱ्या लाइनीचा. मिक्रोटिकच्या राउटर-ओएस या प्रणालीच्या सातव्या मालिकेत हे टेबल आधी हातानं तयार करावे लागतात. सहाव्यावरचे नियम तसेच्या तसे उतरवले तर ते चालत नाहीत. बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनवरही, म्हणजे घरून दुकानाचा कॅमेरा बघत असाल तर, ज्या पोर्टातून ते आलं त्याच लाइनीची खूण लावा. नाहीतर हाक एका दारातून येते आणि उत्तर दुसऱ्या दारातून जातं.

यात दोन जागी माणूस हमखास अडकतो. दुकानातल्या दुकानात जाणारी पॅकेटं आणि मोडेमच्या पत्त्याकडे जाणारी पॅकेटं खुणेतून आधीच वगळा, नाहीतर प्रिंटर आणि मोडेमचं पान दोन्ही गायब होतात. आणि फास्टट्रॅक. ही सोय चालू कनेक्शनची पॅकेटं मॅंगलच्या, म्हणजे खुणा लावणाऱ्या, नियमांना बगल देऊन पुढे ढकलते. पहिलं पॅकेट खूण घेऊन जातं, पुढची बिनखुणेची जातात, आणि नियम अगदी बरोबर असूनही पानं अर्धवट उघडतात. एका रात्री नऊपासून एकपर्यंत मी नियम पुन्हा पुन्हा तपासले होते, आणि दोष त्या एका ओळीत निघाला. खूण असलेल्या कनेक्शनना फास्टट्रॅकमधून बाहेर काढा. छोट्या राउटरचा प्रोसेसर थोडा जास्त तापेल, तेवढं चालतं.

याआधी एक साधी गोष्ट बघून घ्या. दोन्ही मोडेम आपापल्या जागी १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन बसलेले असतात. तसं असेल तर एकाचा पत्ता बदला, शक्य असेल तर दोन्ही ब्रिज मोडला टाका, म्हणजे बाहेरचा पत्ता थेट राउटरला मिळतो.

लाइन मेली हे राउटरला कळतं का?

आमच्याकडे पावसाळ्यात खरा प्रश्न हा असतो. खानापूरच्या बाजूला झाड पडतं, फायबर तुटतो, पण दुकानातला मोडेम चालूच असतो. राउटर गेटवेला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का' विचारतो, मोडेम घरातूनच उत्तर देतो, राउटर खूश. लाइन मेलेली आणि एक तृतीयांश संगणक तिच्याच नावानं बसलेले.

म्हणून पिंग मोडेमला नको, बाहेरच्या पत्त्याला हवं. पहिल्या लाइनीतून ८.८.४.४, दुसरीतून १.०.०.१, आणि त्या पत्त्यांवर टेकून डिफॉल्ट रूट. मिक्रोटिकवर ही तपासणी दर दहा सेकंदांनी होते आणि दोनदा उत्तर आलं नाही की वाट काढून घेतली जाते. पण तपासणीसाठी बांधलेला पत्ता फक्त त्याच लाइनीतून पोचतो हे विसरू नका. तोच पत्ता संगणकांना डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून दिलात तर लाइन गेली की नावं उलगडणंही बंद होईल, आणि चांगली लाइन शिल्लक असूनही सगळं ठप्प दिसेल. तपासणीचे पत्ते वेगळे, डीएनएसचे वेगळे. पुरवठादाराचा डीएनएसही देऊ नका, तो बहुतेकदा स्वतःच्याच ग्राहकांना उत्तर देतो आणि दुसऱ्या लाइनीतून विचारलं की नकार देतो.

लाइन परत आली की लगेच तिच्यावर माणसं पाठवू नका. भर पावसात तुटकी लाइन मिनिटात चार वेळा येते-जाते. मी पाच मिनिटं सलग उत्तर आल्यावरच तिला परत घेतो. आणि लाइन बदलताना त्या लाइनीची जुनी कनेक्शनं नॅटच्या वहीतून पुसून टाका, नाहीतर ती मेलेल्या वाटेवर अडकून पडतात.

चाचणी घेताना राउटरची वायर काढू नका. मोडेमच्या मागे हिरव्या टोपणाची पिवळी किंवा पांढरी फायबर असते, ती अलगद बाहेर काढा. लाल दिवा लुकलुकायला लागला की समजा, ही झाडानं तुटलेली लाइन. मग घड्याळ लावून बघा, दुसरीकडे जायला किती सेकंद लागतात. आमच्याकडे पंचवीसच्या आत झालं. फायबरच्या टोकाला बोट लावू नका आणि परत लावेपर्यंत टोपी घालून ठेवा.

आणि दोन्ही लाइनी एकाच खांबावरून येत असतील तर हे सगळं करूनही उपयोग नाही. गल्लीत उभं राहून वर बघा. तशाच असतील तर दुसरी लाइन काढून मोबाइलचं सिम असलेला राउटर लावा.

शाखांमध्ये ओएसपीएफ चालवणाऱ्यांसाठी

निपाणीत ऑफिस आणि बेळगावात उद्यमबागेत गोदाम असलेल्या एका व्यापाऱ्याकडे दोन लाइनींवर दोन बोगदे (इंटरनेटमधून दोन शाखा जोडणाऱ्या खासगी वाटा) काढून वर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) चालवला होता. शेजारी, म्हणजे समोरचा राउटर, जोडला जाई, थोड्या वेळात तुटे, पुन्हा जोडला जाई. तुटण्याआधीची मुदत दर वेळी चाळीस सेकंदांची. हा आकडा ओळखीचा आहे. दहा सेकंदांनी हॅलो, म्हणजे 'मी आहे' असा निरोप, आणि चाळीस सेकंद हॅलो आला नाही की शेजारी मेला, ही ओएसपीएफची नेहमीची वेळ.

निपाणीच्या राउटरवर 'जोडलेली सगळी नेटवर्कं जाहीर करा' असं लावलं होतं. त्यात बाहेरच्या लाइनीचं पब्लिक नेटवर्कही जाहीर होत होतं. बेळगावच्या राउटरला कळे की निपाणीचा पब्लिक पत्ता बोगद्यातून गेलं की मिळतो, आणि डिफॉल्ट रूटपेक्षा ही वाट नेमकी असल्यानं तो तिलाच धरे. म्हणजे बोगद्याचीच पॅकेटं बोगद्यात शिरत. हॅलो गुदमरे, चाळीस सेकंदांनी शेजारी तुटे, ती वाट निघून जाई, बोगदा मोकळा होई, शेजारी पुन्हा जोडला जाई. इलाज दोन ओळींचा. समोरच्या प्रत्येक पब्लिक पत्त्यासाठी ठरलेल्या लाइनीतून एकेक स्थिर वाट टाका, आणि बाहेरची नेटवर्कं जाहीर होऊ देऊ नका. स्थिर वाटेचा आणखी एक फायदा असा की दोन्ही बोगदे एकाच लाइनीतून जाण्याची चूक टळते. शेजारी एक्सस्टार्टमध्येच, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या टप्प्यातच, अडकून राहत असेल तर दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बाइटमध्ये) ताडून बघा. एका बाजूला पीपीपीओई (यूझरनेम-पासवर्डनं होणारी जोडणी) असलं की तिथे १४९२ असतो आणि दुसरीकडे कुणी १५०० धरून हिशेब केलेला असतो.

हे सुटल्यावर दुसरी तक्रार आली, टॅलीच्या नोंदी संध्याकाळी लटकतात. एक लाइन १०० ची, दुसरी २० ची, आणि ओएसपीएफनं निम्मी-निम्मी वाटणी केली होती. ओएसपीएफला खालची लाइन दिसत नाही, बोगदा दिसतो, आणि दोन्ही बोगद्यांची किंमत (वाट निवडताना धरायचा आकडा, कमी तो बरा) सारखीच होती. लाइन किती भरली आहे हेही त्याला कळत नाही. असमान किमतीच्या वाटांवर वाटणी करण्याची सोय त्याच्यात नाही. ईआयजीआरपी या दुसऱ्या पद्धतीत व्हेरिअन्स नावाच्या सोयीनं ती होते, पण दोन्हीकडे ते चालणारी यंत्रं हवीत. मी किमती हातानं लिहिल्या, मोठ्या बोगद्याला १० आणि छोट्याला ४०. मग गोदामातल्या कॅमेऱ्यांची पॅकेटं तेवढी वाटेची खूण लावून छोट्या बोगद्यात वळवली. टॅली एकीकडे, कॅमेरे दुसरीकडे, आणि एक गेला की दोन्ही उरलेल्यावर. चाळीस सेकंद जास्त वाटले तर बीएफडी (शेजारी जिवंत आहे का हे भराभर तपासणारी सोय) लावा, पण घरगुती ब्रॉडबँडवर एक तृतीयांश सेकंदाची घाई करू नका. संध्याकाळी लाइन जराशी अडखळली तरी तो शेजाऱ्याला मेलेला ठरवतो. मी एका सेकंदाला एक तपासणी आणि पाच चुकल्यावर मेला, असं ठेवतो.

बीजीपी, म्हणजे मोठी नेटवर्कं जगाला आपापल्या वाटा कळवतात ती पद्धत, लावून द्या म्हणून विचारणारेही भेटतात. त्यासाठी स्वतःचा एएस क्रमांक (नेटवर्कचा ओळख क्रमांक) आणि स्वतःचे पत्ते लागतात, भारतात ते आयआरआयएनएन या पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून घ्यावे लागतात. आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) चे २५६ पेक्षा कमी पत्ते जगात सहसा कुणी स्वीकारत नाही, आणि घरगुती लाइनीवर पुरवठादार बीजीपी जोडून देत नाहीत. लीज लाइनी असलेल्या कारखान्याला किंवा हॉस्पिटलला त्याचा उपयोग आहे. नऊ संगणकांच्या दुकानाला नाही.

सेवा केंद्रात एक गाठ अजून बाकी आहे. दोनपैकी एका लाइनीवर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, येतो. ब्राउझर तो मिळाला की त्यालाच आधी पसंती देतो, आणि आयपीव्ही४ वर लावलेल्या सगळ्या खुणा बाजूला राहून निम्म्याहून जास्त काम त्या एकाच लाइनीवर जाऊन पडतं. दुसऱ्या पुरवठादारानंही तो दिला की दोन्हींचे नियम पुन्हा लिहावे लागतील. तोवर अक्कांच्या राउटरवर आतल्या बाजूचा आयपीव्ही६ बंद ठेवला आहे, आणि तो का बंद आहे हे त्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवलं आहे.